ऑक्सिजनचा हिशेब जुळतच नाही? लीक शोधायला पळण्याआधी हे बघून घ्या

प्रॉब्लेम असा असतो बघा. सकाळी स्टोअरचं रजिस्टर म्हणतं काल २२ जंबो सिलिंडर लागले, वॉर्डातल्या चार्टवरून बेरीज केली की निघतात जेमतेम १७, मग बाकीचे ५ गेले कुठे यावर मीटिंग होते, कुणीतरी म्हणतं लाइनला लीक आहे, मग दोन दिवस साबणाचं पाणी घेऊन सगळे पाइपलाइनच्या मागे लागतात, एखादा नट ढिला सापडतो तो घट्ट करतात, आकडा दोन-चार दिवस बरा येतो आणि पुढच्या आठवड्यात परत तेच. मी हॉस्पिटलच्या ऑक्सिजनचं काम बघतो आणि हे चक्र इतक्या वेळा फिरताना पाहिलंय की आता आधी लीकचं नावच काढत नाही. लीक असतं, नाही असं नाही. पण तुटीतला मोठा भाग बऱ्याचदा मोजण्याच्या गडबडीत असतो, म्हणजे गॅस गेलेलाच नसतो, आपण तो चुकीचा मोजलेला असतो. आणि ती गडबड आधी काढल्याशिवाय खरं लीक केवढं आहे ते कळतच नाही.

आधी जंबोचं बघू. जंबो म्हणजे ४६.७ लिटर पाण्याच्या क्षमतेचं सिलिंडर, १५० बारला भरलं की ४६.७ गुणिले १५० म्हणजे साधारण ७,००० लिटर गॅस. छोटं १० लिटर क्षमतेचं असेल तर १,५००. हे साधं गणित सगळ्यांना पाठ हवं: सिलिंडरच्या खांद्यावर ठोकलेली पाण्याची क्षमता गुणिले गेजवरचा बार. ए, बी, डी, ई असल्या अक्षरांवर विसंबू नका कारण ती देशादेशात बदलतात, एकीकडे डी म्हणजे हे जंबो आणि दुसरीकडे डी म्हणजे हातात धरून नेता येईल एवढं लहान, त्यामुळे बाहेरचा एखादा तक्ता उचलून भिंतीवर चिकटवला असेल तर तो आधी काढा.

आता पहिली चूक, आणि ही सगळ्यात जास्त होते. बदललेले सिलिंडर मोजणं म्हणजे वापर मोजणं नव्हे. समजा मॅनिफोल्डला, म्हणजे सिलिंडर जोडून गॅस लाइनमध्ये सोडणाऱ्या पाइपांच्या जोडणीला, १० जंबोची बँक (एकत्र जोडलेला गट) आहे आणि रात्री ११ वाजता तिचं गेज ६० बार दाखवतंय. त्या बँकेत अजून ४६.७ गुणिले १० गुणिले ६० म्हणजे २८,००० लिटर आहे, सरळ ४ भरलेल्या जंबोएवढा. ही बँक रात्री ११ ला बदलली की पहाटे ३ ला बदलली यावर आजच्या खात्यात १० सिलिंडर पडणार की उद्याच्या हे ठरतं. मग एक दिवस वापर भयंकर वाढलेला दिसतो, दुसऱ्या दिवशी कमी, आणि आपण त्यात कारणं शोधत बसतो. उपाय एकच, रोज ठरलेल्या एकाच वेळी दोन्ही बँकांचा प्रेशर लिहायचा, सुरुवातीचा साठा अधिक आलेला गॅस वजा शेवटचा साठा, हा झाला वापर. वॉर्डातली बेरीजही त्याच वेळेपासून त्याच वेळेपर्यंत. स्टोअर सकाळी ८ ते ८ आणि सिस्टरांचा चार्ट रात्री १२ ते १२ असं असेल तर ते आकडे कधीच जुळणार नाहीत, कितीही साबण लावा.

दुसरी, गेज वाचायची. ऐकायला बाळबोध वाटतं पण गेजवर दोन-दोन पट्ट्या असतात, बाहेर एक एकक आतमध्ये दुसरं, एका शिफ्टचा माणूस बार लिहितो दुसऱ्याचा पीएसआय, २,००० पीएसआय म्हणजे १३८ बार, आणि रजिस्टरमध्ये एकक लिहायचा कॉलमच नसतो. एक बार म्हणजे साडेचौदा पीएसआय, हे गेजच्या शेजारीच लिहून ठेवा. अजून एक फसवी गोष्ट: सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद असताना रेग्युलेटरमध्ये अडकलेला गॅस गेजवर भरलेलं सिलिंडर दाखवत राहतो. माणूस बघतो १४० बार, म्हणतो आहे भरपूर, आणि पेशंटला घेऊन निघाल्यावर दोन श्वासात काटा शून्यावर. हे हिशेबाच्या पलीकडचं आहे, जिवावर बेतणारं आहे. वाचायच्या आधी व्हॉल्व्ह हळूच उघडायचा, काटा स्थिर होऊ द्यायचा, मगच आकडा लिहायचा.

तापमान पण धरा. सिलिंडर उन्हात पडलेलं असेल तर प्रेशर वाढलेला दिसतो, गॅस तेवढाच असतो. ४० अंशाला गेज १५० दाखवत असेल तर १५ अंशाला तेच सिलिंडर १३८ च्या आसपास असेल, म्हणजे १५ अंशाच्या हिशेबाने ८ टक्के गॅस मुळातच कमी भरलेला. भरणारा म्हणतो १५० भरून दिलं, आपण म्हणतो कमी आलं, आणि दोघंही आपापल्या जागी खरं बोलत असतात, कारण भरताना सिलिंडर गरम होतं आणि गरम असतानाच प्रेशर बघितला जातो. म्हणून उतरवल्या उतरवल्या प्रेशर बघून सही करू नका, सावलीत काही तास ठेवा आणि लॉटमधली चार-पाच निवडून चेक करा. शंका असेल तर वजन करा, वजन खोटं बोलत नाही. ७ घनमीटर ऑक्सिजनचं वजन साडेनऊ किलोच्या आसपास भरतं, खांद्यावर रिकाम्या सिलिंडरचं वजन ठोकलेलं असतं, फरक काढा. टोपी आणि फिटिंग धरून की सोडून एवढं मात्र दोन्ही वेळा सारखं ठेवा.

आता ज्यावर मला जरा जास्त बोलायचंय ते म्हणजे परत जाणारं सिलिंडर. रिकामं म्हणून जे ट्रकवर चढतं ते रिकामं नसतं. ऑटो चेंजओव्हर मॅनिफोल्ड एका ठराविक प्रेशरला दुसऱ्या बँकेवर जातं, समजा ते २० बारवर सेट आहे, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये ४६.७ गुणिले २० म्हणजे ९३४ लिटर तसाच परत जातो. सातातला जवळपास एक. वर्षानुवर्षं हा गॅस परत जातो आणि तो वॉर्डाच्या माथी गळती म्हणून मारला जातो.

वरचंच उदाहरण घ्या, २२ जंबो, दिवसाच्या सुरुवातीला आणि शेवटी बँक सारखीच भरलेली होती असं धरू. रजिस्टरप्रमाणे १,५४,००० लिटर आले. चार्टप्रमाणे १,१८,००० लागले. तूट ३६,०००. यातले परत गेलेले २२ गुणिले ९३४ म्हणजे साडेवीस हजार. लॉट थंड झाल्यावर मोजला तर १५० ऐवजी १४० बार निघाला, म्हणजे २२ गुणिले ४६७, अजून सव्वादहा हजार. झाले ३०,८००. उरले ५,२०० लिटर, दिवसाच्या १,४४० मिनिटांनी भागा, मिनिटाला साडेतीन लिटरच्या जरा वर. खरं लीक असलंच तर ते फार तर एवढं. पाच जंबो गायब झाले म्हणून जी धावपळ चालली होती तिच्यातला खरा वाया गेलेला गॅस एका बेडच्या फ्लोएवढा. आणि आता तो शोधायचा कुठे हे पण कळतं, कारण साडेतीन लिटर म्हणजे मेन लाइन फुटलेली नाही, ते बहुतेक बेडजवळच कुठेतरी आहे.

चेंजओव्हरचं सेटिंग मात्र स्वतः पाना घेऊन खाली आणू नका. डिमांड जास्त असताना रेग्युलेटरला पुढे प्रेशर टिकवायला मागे काहीतरी लागतं, फार खाली आणलं तर बँक बदलायच्या क्षणी लाइनचा प्रेशर पडतो आणि व्हेंटिलेटर एकदम ओरडायला लागतात. बनवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून ते किती सुरक्षित आहे ते बघून घ्या, आणि तोपर्यंत परत जाणाऱ्या प्रत्येक सिलिंडरचा प्रेशर खडूने त्याच्या अंगावर लिहा. एवढं केलं तरी महिन्याच्या हिशेबात फरक दिसतो.

लिक्विड टँक असेल तर वेगळीच गंमत होते. तिथे सप्लायर किलोत बोलतो, टँकचा लेव्हल गेज टक्क्यात किंवा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये, मेन लाइनचा मीटर नॉर्मल घनमीटरमध्ये आणि वॉर्ड लिटर पर मिनिटमध्ये. आणि लिटर म्हणताना कुठला लिटर हे कुणी सांगत नाही, लिक्विडचा एक लिटर साध्या तापमानाला साधारण ८६० लिटर गॅस होतो. मी एका रजिस्टरमध्ये लिक्विडचे लिटर आणि गॅसचे लिटर एकाच कॉलममध्ये एकाखाली एक लिहिलेले बघितलेत, लिहिणाऱ्याची चूक नव्हती, कॉलमवर फक्त लिटर एवढंच छापलेलं होतं. सगळं एका एककात आणा, मी किलो घेतो कारण वजन तापमानाने बदलत नाही. आणि नॉर्मल घनमीटर म्हणजे ० अंशाला मोजलेला गॅस, तोच गॅस २० अंशाला ७ टक्क्यांहून जरा जास्त जागा घेतो. मेन मीटर नॉर्मलमध्ये आणि बेडचे फ्लोमीटर (पेशंटला मिनिटाला किती लिटर जातोय ते दाखवणारे) २० अंशाच्या हिशेबात असतील तर काहीही गळत नसताना ७ टक्क्यांचा फरक दिसणारच. मीटरच्या प्लेटवर कुठल्या तापमानाला मोजलंय ते लिहिलेलं असतं, वाचा.

टँकमधून थोडा गॅस रोज आपोआप उडतो हे पण खात्यात धरा. आत उणे १८३ अंशाला उकळणारं लिक्विड आहे, कितीही चांगलं इन्सुलेशन असलं तरी उष्णता आत येतेच, आणि हॉस्पिटलचा वापर कमी असेल तर प्रेशर वाढून सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसतो. वापर चालू असताना तो गॅस लाइनमध्येच जातो त्यामुळे वाया जात नाही, पण सुट्टीच्या दिवसात किंवा टँक गरजेपेक्षा फार मोठा घेतलेला असेल तर खरंच हवेत जातो. टँकर भरून गेल्या गेल्या लेव्हल लिहू नका, ती जरा हलत असते, स्थिर झाल्यावर लिहा.

आता वॉर्डात चला. इथे चार्टवरचा आकडाच खरा आहे का हे बघायचं असतं.

फ्लोमीटरचा गोळा डोळ्याच्या समोर आणून वाचायचा, वरून वाकून बघितलं की अर्धा-एक लिटर इकडेतिकडे होतो. गोळा असेल तर त्याचा मध्य धरायचा, बॉबिन (गोळ्याऐवजी असणारा छोटा तरंगता तुकडा) असेल तर वरची कड. नळी उभी सरळ हवी, तिरकी लटकलेली असेल तर आकडा चुकतो. १५ लिटरच्या मीटरवर बाळाला अर्धा लिटर द्यायचा प्रयत्न करू नका, स्केलच्या तळाशी तो मीटर भरवशाचा नसतो, बाळांसाठी १ किंवा ३ लिटरपर्यंतचे वेगळे मीटर येतात तेच लावा. आणि १५ च्या पुढे नॉब फिरवत नेला की गोळा वर जाऊन चिकटतो, तिथून पुढे किती जातोय हे मीटर सांगूच शकत नाही, ४०-५० लिटर पण जात असतो आणि चार्टवर मात्र १५ लिहिलं जातं. नवीन कुणी आलं की हे एवढं एक आवर्जून दाखवा.

हाय फ्लो आणि व्हेंटिलेटरच्या बाबतीत उलटी चूक होते. मशीनवर ६० लिटर फ्लो दिसतो म्हणून ६० लिटर ऑक्सिजन लिहितात, पण त्यात हवा पण असते. खरा ऑक्सिजन काढायचा तर एकूण फ्लो गुणिले, एफआयओटू (पेशंट आत घेतो त्या गॅसमधला ऑक्सिजनचा भाग, ५० टक्के म्हणजे ०.५०) वजा ०.२१, भागिले ०.७९. ६० लिटर आणि ५० टक्क्यांवर ते २२ लिटर येतं. तेच १०० टक्क्यांवर पूर्ण ६०, म्हणजे एक जंबो दोन तास पण पुरत नाही, दिवसाला १२ हून जास्त लागतात. त्यामुळे एकाच पेशंटचा एफआयओटू नाईटला वाढला आणि तो चार्टवर चढला नाही तर सगळ्या हॉस्पिटलचा हिशेब हलतो. मास्कवाल्या व्हेंटिलेटरला मास्कच्या कडेने जाणारं लीक धरा, पेशंट मिनिटाला १० लिटर घेतोय आणि कडेने ३० लिटर जातंय तर मशीन ४० लिटर बनवत असतं, ६० टक्क्यांवर त्यात २० लिटर ऑक्सिजन असतो. मास्कचा साइज बदलून ते लीक कमी केलं तर पेशंटला पण बरं वाटतं, डोळ्यांवर वारा येत नाही, आणि गॅस वाचतो तो वेगळाच. शिवाय मशीनचा स्वतःचा बायस फ्लो, म्हणजे नळ्यांमधून सतत चालू ठेवलेला गॅस, असतो, तो मॉडेलच्या पुस्तकात दिलेला असतो.

एक गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही ती म्हणजे ब्लेंडर. एअर-ऑक्सिजन ब्लेंडर लाइनला नुसता जोडून ठेवला असेल, पेशंट नसेल, तरी बऱ्याच मॉडेलमधून मिनिटाला काही लिटर गॅस सतत सुटत असतो, ते बिघाड नाही, त्याची बनावटच तशी आहे. वापरात नसेल तर होज आउटलेटमधून काढून ठेवायची. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या आयसीयूत, असे पाच-सहा जोडून ठेवलेले असतील तर उरलेल्या तुटीचं उत्तर तिथेच मिळतं.

आता खरं लीक. हे शोधायला मला रात्री २ नंतरची वेळ आवडते, कारण तेव्हा वॉर्ड शांत असतो आणि कानाला ऐकू येतं. मेन मीटरचं रीडिंग एकाने १० मिनिटं बघायचं, त्याच १० मिनिटात दुसऱ्याने प्रत्येक बेडचा फ्लो लिहीत जायचं, बेरीज आणि मेनमधला फरक म्हणजे लीक. मेन मीटर नसेल तर बँकेचा प्रेशर तासाभरात किती पडला त्यावरून काढा, १० जंबोच्या बँकेत १ बार पडला म्हणजे ४६७ लिटर गेले.

एका रात्री असंच फिरताना एका रिकाम्या बेडजवळ थांबलो. पेशंट स्कॅनला गेला होता, चादर बाजूला केलेली, आणि मास्क उशीवर उताणा पडलेला, त्यातून फुस्स आवाज चाललेला, गोळा १० वर. पेशंट ४० मिनिटांनी आला, म्हणजे ४०० लिटर उशीने घेतले. सिस्टरांना दोष देण्यात अर्थ नाही, त्या एकट्या सगळा वॉर्ड बघत होत्या आणि पेशंटला हलवताना पोर्टेबल सिलिंडर जोडणं हे त्यांनी बरोबर केलं होतं. पण नुसतं मास्क काढला की नॉब बंद करा एवढाच नियम केला तर दुसरा धोका उभा राहतो, पेशंट परत येतो, मावशी प्रेमाने मास्क चढवतात आणि नॉब बंदच. म्हणून नियम दोन्ही बाजूने हवा: काढला की बंद, आणि लावायच्या आधी नॉब उघडून मास्क तळहातावर धरायचा, वारा लागला की मगच तोंडावर. जो लावेल त्याने हे करायचं, मग तो डॉक्टर असो की मामा.

त्याच रात्री अजून एक दिसलं. कोपऱ्यातल्या न वापरातल्या बेडचा फ्लोमीटर बंद, गोळा तळाला, पण खालच्या ह्युमिडिफायर बॉटलमध्ये, म्हणजे गॅस ओलसर करणाऱ्या पाण्याच्या बाटलीत, दर दोन सेकंदाला एक बुडबुडा. म्हणजे नॉबचा व्हॉल्व्ह पास होतोय, बंद असूनही गॅस सोडतोय. एका बुडबुड्याने काय होतंय असं वाटेल, पण असे वीस बेड असतात आणि बुडबुडे चोवीस तास चालतात. न वापरातले फ्लोमीटर आउटलेटमधून काढून ठेवा आणि पास होणारे दुरुस्तीला पाठवा. नॉब जोर लावून आवळू नका, त्यानेच सीट खराब होते आणि मग ते अजून पास होतं.

ह्युमिडिफायर बॉटलची टेस्ट तर प्रत्येकाने शिकायलाच हवी. पेशंटला जोडायच्या आधी ३-४ लिटर फ्लो चालू करा, बॉटलमधून निघणारी नळी बोटाने दाबून धरा. बॉटलचा सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्टी मारायला हवा. नाही मारली तर गॅस झाकणातून निसटतोय, आटे वाकडे बसलेत किंवा वॉशर गेलाय. हे का महत्त्वाचं ते बघा, अशा बॉटलवर मीटर ५ दाखवतो आणि पेशंटला मिळतात ३, सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) येत नाही म्हणून सिस्टर ८ करतात, चार्टवर ८ चढतात, सगळ्यांना वाटतं पेशंट बिघडतोय. म्हणजे एका वॉशरमुळे गॅस पण गेला आणि पेशंटबद्दलचा अंदाज पण चुकला. मला या कामात सगळ्यात जास्त काळजी याचीच वाटते.

साबणाचं पाणी लावायचंच तर ऑक्सिजनसाठी चालणारं लीक सोल्युशन वापरा. तेल, ग्रीस, व्हॅसलीन, साधी टेप काहीही जोडाजवळ जाता कामा नये, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेलकट गोष्ट पेट घेते. बंद खोलीत लीक असेल तर आधी दारं-खिडक्या उघडा, हवेत ऑक्सिजन २३ टक्क्यांच्या वर गेला की कपडे, केस, गादी सगळं फार पटकन पेटतं आणि विझत नाही. टँकजवळ पांढरं धुकं पसरलेलं दिसलं तर त्यात शिरायचं नाही, लांब व्हायचं आणि माहीतगार माणसाला बोलवायचं. आणि झोन व्हॉल्व्ह, म्हणजे एका भागाची सगळी लाइन बंद करणारा व्हॉल्व्ह, टेस्टसाठी बंद करायचा असेल तर त्या झोनच्या प्रत्येक पेशंटला सिलिंडरवर घेतल्याशिवाय आणि इन्चार्ज सिस्टरनी स्वतः हो म्हटल्याशिवाय हात लावायचा नाही.

हिशेब जुळायला लागला की पुढचा प्रश्न येतो की वापर कमी कसा करायचा. इथे मी हात जोडून सांगतो, लाइनचा प्रेशर कमी करून वाचवायचा विचार कुणी करू नका. फ्लोमीटर साधारण ४ बारच्या आसपासच्या लाइनसाठी बनवलेले असतात, प्रेशर खाली आणला तर सगळे आकडे खोटे होतात, व्हेंटिलेटर बंद पडायला येतात आणि गॅस वाचत नाहीच. वाचतो तो पेशंटच्या बोटावर, म्हणजे पल्स ऑक्सिमीटरवर. जो पेशंट १० लिटरवर ९९-१०० दाखवतोय त्याला बहुतेक वेळा एवढं लागत नाही. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या गाइडलाइनमध्ये बहुतेक आजारी मोठ्या माणसांसाठी ९४ ते ९८ हे टार्गेट आहे, आणि सीओपीडीसारख्या (फुप्फुसाचा जुनाट आजार) ज्यांच्यात कार्बन डायऑक्साइड साठायचा धोका असतो त्यांच्यासाठी ८८ ते ९२, त्यांना जास्त ऑक्सिजन उलट अपाय करतो. तुमच्या डॉक्टरांनी पेशंटचं टार्गेट बेडवर लिहून दिलं की सिस्टरांना प्रत्येक वेळी विचारायची गरज राहत नाही, टार्गेटच्या वर असेल तर एकेक लिटर कमी करायचं, पाचेक मिनिटं थांबायचं, बघायचं, खाली आला तर लगेच परत वाढवायचं. बोट गार असेल, नेलपॉलिश असेल, हात थरथरत असेल तर आकड्यावर विश्वास ठेवू नका, आणि सावळ्या त्वचेवर ऑक्सिमीटर खऱ्यापेक्षा जास्त दाखवू शकतो, म्हणून अगदी कडेवरच्या पेशंटचा ऑक्सिजन नुसत्या मशीनवरून कमी करू नका, पेशंटकडे बघा, श्वास मोजा.

फ्लो कमी करताना साधन पण बदलावं लागतं, हे विसरलं जातं. पिशवीवाल्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात, त्यावर ६ करून वाचवायला गेलात तर पिशवी चिपकते आणि पेशंट गुदमरतो. साध्या मास्कला ५ च्या खाली जायचं नाही, सोडलेला श्वासच परत आत घेतला जातो. एवढा कमी फ्लो पुरत असेल तर नाकातल्या प्रॉंग्जवर घ्या. आणि ज्यांना ४-५ लिटरपर्यंतच लागतो त्यातल्या स्थिर पेशंटना कॉन्सन्ट्रेटरवर (हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन) घेता आलं तर लाइनवरचा भार खरंच हलका होतो.

पेशंट हलवतानाचं गणित वेगळं लिहून ठेवा. छोटं सिलिंडर १० लिटर क्षमतेचं, गेज १०० बार, म्हणजे १,००० लिटर, त्यातले २० बार राखीव धरून ८००, पेशंटला १० लिटर लागतोय तर ८० मिनिटं. लागणाऱ्या वेळेच्या दुप्पट गॅस हवा, म्हणून जायला-यायला ४० मिनिटं लागणार असतील तर हे चालेल, ६० लागणार असतील तर चालणार नाही, दुसरं बरोबर घ्या, कारण लिफ्ट अडकते, स्कॅनला लाइन असते.

एवढं सगळं करून ५ ते १० टक्के फरक राहिला तर तो मीटरांचाच समजा, बेडचे फ्लोमीटर स्वतःच १० टक्के इकडेतिकडे असू शकतात. फरक त्याहून जास्त आणि नेहमी एकाच बाजूचा येत असेल तर मेन मीटर तपासा. तो वाकणाच्या किंवा व्हॉल्व्हच्या अगदी लगेच पुढे बसवला असेल तर चुकीचं वाचतो, त्याच्या मागे पाइपच्या व्यासाच्या निदान दहापट सरळ पाइप हवा. थर्मल मीटर असेल तर त्याच्या सेटिंगमध्ये गॅस म्हणून ऑक्सिजन निवडलाय की हवा ते बघा. आणि रात्री फ्लो फार कमी असताना मीटर शून्य दाखवतो का ते बघा, लो फ्लो कटऑफ (ज्याच्या खालचा फ्लो मीटर शून्यच धरतो ती मर्यादा) जास्त ठेवला असेल तर रात्रीचा सगळा वापर त्याच्या हिशेबात येतच नाही, मग वॉर्डाची बेरीज मेनपेक्षा जास्त निघते आणि लोक म्हणतात सिस्टरांनी चार्ट खोटे लिहिले. सिस्टरांना विचारायच्या आधी मीटर उघडून बघा.